कोडिंगवाला स्कॅनर: आठ महिन्यांनंतर

गाडीतले दोष वाचणारा हा स्कॅनर घेतला तो नाइलाजाने. गाडीचं एबीएस मॉड्यूल, म्हणजे ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारा कंट्रोलर, गेलं म्हणून दुसऱ्या गाडीतून काढलेलं, त्याच पार्ट नंबरचं बसवलं. ब्रेकमधली हवा काढली, सगळं जोडलं, आणि मीटरवरचे तीन पिवळे दिवे काही जाईनात. हाताशी ब्लूटूथवाला छोटा अडॅप्टर होता, पण त्याला इंजिनापलीकडे काही दिसतच नव्हतं. त्यात अडॅप्टरचा दोष नाही म्हणा. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या स्व-तपासणीच्या, सक्तीच्या नियमांचा भर धुरावर आहे. एबीएस, बॉडी, एअरबॅग यांच्याशी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने बोलते. म्हणून लॅपटॉपला केबलने जोडायचा, सगळी मॉड्यूल वाचणारा आणि कोडिंग (मॉड्यूलला आपली गाडी कोणती ते सांगणारी आकड्यांची ओळ) लिहू देणारा हा संच घेतला.

पहिल्याच स्कॅनमध्ये उत्तर आलं: एबीएसचं कोडिंग चुकीचं. मॉड्यूल चांगलं होतं, पण त्याला आपण अजून जुन्याच गाडीत आहोत असं वाटत होतं. इंजिन कोणतं, पुढच्या डिस्क केवढ्या, टायरचा घेर किती, हे सगळं त्या आकड्यांच्या ओळीत बाइटबाइटने भरलेलं असतं. माझ्या जुन्या मॉड्यूलची फक्त पंपाची मोटर गेली होती, मेंदू शाबूत होता. ते इंजिनजवळ फडक्यावर ठेवलं, नव्याचा सॉकेट काढून त्याला लावला, इग्निशन ऑन केलं आणि कोडिंग वाचून वहीत उतरवलं. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्यावर फरक निघाला तीन बाइटचा.

लिहायला गेलो तर नकार. या स्कॅनरची खरी किंमत मला इथे कळली. बहुतेक ॲप नुसतं 'अयशस्वी' म्हणून गप्प बसतात. हा मॉड्यूलचं उत्तर जसंच्या तसं दाखवतो. ७एफ २ई ३३. ७एफ म्हणजे नकार, २ई म्हणजे लिहिण्याची विनंती, ३३ म्हणजे कुलूप उघडलेलं नाही. लॉगिन कोड दिला. पुन्हा नकार, पण आता शेवटी २२, म्हणजे परिस्थिती योग्य नाही. पाहतो तर मी इंजिन चालू ठेवलं होतं. ते बंद करून नुसत्या इग्निशनवर लिहिलं आणि पुढच्या सेकंदाला स्वीकारलं गेलं. दोन दिवे गेले. तिसरा स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवल्यावर गेला.

दुसरा प्रसंग मित्राच्या गाडीचा. डझनभर मॉड्यूलमध्ये 'संपर्क तुटला' अशी यू०१०० जातीची कोडं, आणि दोन ठिकाणी कोडिंगच्या जागी नुसती शून्यं. मित्र म्हणाला, "कोडिंग उडालंय, परत टाक." मी आधी मल्टिमीटर काढला. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला; त्या गाडीत कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, तारा थेट तिथे येतात. ६० ओम आले, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओमचे रोधक जागेवर. बॅटरी परत जोडून इग्निशन ऑन केलं तर व्होल्टेज ११.४ वर घसरलं. अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. ती घासून घट्ट केली, चार्जर लावला, आणि कोडिंग सगळं जिथल्या तिथे! मॉड्यूल उत्तरच देत नव्हतं, म्हणून स्क्रीनवर शून्यं होती. तेव्हा काहीतरी अंदाजाने लिहिलं असतं तर खरं कोडिंग स्वतःच्या हाताने पुसलं असतं. मला विचाराल तर स्कॅनरने व्होल्टेज कमी असताना लिहिण्याचं बटणच बंद ठेवायला हवं. हा नुसता बारीक अक्षरांत इशारा देतो.

आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक स्कॅन जुन्या कोडिंगसह आपोआप सेव्ह होतो. न आवडलेली म्हणजे कोणत्या बिटचा अर्थ काय, हे निम्म्या मॉड्यूलमध्ये 'अज्ञात' असंच येतं. दारं आपोआप लॉक होणं वगैरे हौशी बदल पाच मिनिटांत झाले, त्यावर जास्त काय लिहायचं. एअरबॅगच्या कोडिंगला मी हात लावत नाही. इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) बांधलेली मॉड्यूल याने होतील या भरवशावर घेऊ नका. माझ्या गाडीत तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, जाहिरातीत काहीही म्हणोत.

आणखी एक. पी०६०२ हा मॉड्यूलच्या प्रोग्रॅमिंगमधल्या चुकीचा कोड आला की लोक लगेच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर, बदलायला निघतात. हे कोड प्रोग्रॅमिंग अर्धवट राहिल्याचंही असू शकतं. कोडिंग म्हणजे चार आकडे बदलणं, लिहिताना तुटलं तर बहुतेकदा परत लिहिता येतं. फ्लॅशिंगमध्ये अख्खं सॉफ्टवेअर बदलतं, मध्येच तुटलं तर मॉड्यूल मुकं होऊ शकतं. हा संच फ्लॅशिंग करत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

आठ महिन्यांत केबलचा प्लग जरा सैल झालाय. लिहिताना मी तो डाव्या हाताने दाबून धरतो, आणि केबल आखूड असल्यामुळे लॅपटॉप मांडीवर.