गंगापूर रोडवरचे वाचनालय आणि त्याचा 'भावंडे' संच

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका छोट्या खासगी वाचनालयाने विषयवार पुस्तकसंच घरपोच देण्याची सोय केली आहे. त्यांपैकी 'भावंडे' हा पाच पुस्तकांचा संच मी पंधरा दिवसांसाठी मागवला. पुस्तके सांगितलेल्या दिवशी आली आणि वेष्टणे स्वच्छ होती, व्यवहाराबद्दल एवढेच. निवडीबद्दल मात्र पुष्कळ बोलता येईल.

संचासोबतच्या कार्डावर 'एक सज्जन, एक दुर्जन' असे छापले आहे, आणि तो आतल्या पुस्तकांवर अन्याय आहे. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातच पाहा. रावण चुकला, हे बिभीषणाला जितके कळते तितकेच कुंभकर्णालाही कळते. तो रावणाला तोंडावर बोल लावतो आणि तरीही त्याच्याच बाजूने लढून मरतो, तर बिभीषण रामाकडे निघून जातो. यांतला सज्जन कोणता? बिभीषणाला आपण रामभक्त मानतो आणि घरभेद्यालाही नाव त्याचेच देतो, म्हणजे आपलेही उत्तर ठरलेले नाही. (शूर्पणखा हे याच घरातले चौथे भावंड, हे तिच्या कापलेल्या नाकाशी गावाचे नाव जोडणाऱ्या आम्हा नाशिककरांनाही सहसा आठवत नाही.)

दुसरी उत्तम निवड म्हणजे रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीच्या 'द ब्रदर्स करमाझोव्ह'चा इंग्रजी अनुवाद. माझ्या प्रतीत आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने कादंबरीतल्या भावांपैकी दिमित्रीपुढे 'तापट', इव्हानपुढे 'बुद्धिमान' आणि अल्योशापुढे 'साधू' असे लिहून ठेवले होते. पुढे दिमित्री आपल्या वासनांची कबुली देतो, तेव्हा हाच साधू लाजतो आणि म्हणतो, की शिडी एकच आहे, मी सर्वांत खालच्या पायरीवर आहे आणि तू वर, तेराव्या पायरीच्या आसपास. त्या पानावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

उरलेल्या तीन मराठी कादंबऱ्यांत थोरला कष्टाळू आणि धाकटा उनाड अशी स्वभावांची वाटणी पहिल्याच प्रकरणात होऊन जाते आणि जमिनीच्या वाटणीचा दावा कोर्टात उभा राहीपर्यंत तीत तसूभरही फरक पडत नाही. त्यांच्या जागी एकच चांगले पुस्तक दिले असते तरी चालले असते.

कार्ड बदलावे, असे मी वाचनालयाच्या काउंटरवर सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. चार पुस्तके मुदतीत परत केली. युद्धकांड आठ दिवस जास्त ठेवले आणि त्याचा चाळीस रुपये दंड कुरकुर न करता भरला.