वर्गणी कुठे भरावी: यूएस चेंबर, एनएफआयबी की एनजेबीआयए?

एडिसनमध्ये किराणा दुकान असो, प्रिन्स्टनजवळ आयटी कन्सल्टन्सी असो की पार्सिपनीत डे-केअर, न्यू जर्सीत धंदा असला की सभासद व्हा म्हणणाऱ्या संघटनांची वानवा नसते. बहुतेक जण विम्यावरची सवलत आणि ओळखीपाळखी बघून ठरवतात. मला हे पटत नाही. या संघटनांचं वजनदार काम कायदा घडतो तिथे चालतं, आणि आपल्या पैशाने आपल्या बाजूचं बोललं जातंय की विरुद्ध, हे बघूनच वर्गणी द्यावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पन्नासच्या आत माणसं असतील तर पहिली वर्गणी राज्यपातळीवरच्या संघटनेला द्या. दुसरी परवडत असेल तर एनएफआयबीला, म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेसला. यूएस चेंबरचा विचार आयटीवाल्यांनी जरूर करावा, बाकीच्यांनी जरा जपून.

याचं कारण असं की माणसं कामावर ठेवण्याचे बरेचसे नियम राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये, ठरतात. केंद्राचं किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलंय. न्यू जर्सीत २०२५मध्ये ते १५.४९ होतं. आजारपणाची पगारी रजा केंद्राच्या कायद्याने खासगी नोकरीत सक्तीची नाही. इथे ऑक्टोबर २०१८पासून कामाच्या दर ३० तासांमागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत द्यावी लागते, मग दुकान कितीही लहान असो. २०१९च्या किमान वेतन कायद्यात सहापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्यांना वाढीचे टप्पे सावकाश लावून दिले. त्यामुळे २०२५मध्ये त्यांच्यासाठी दर १४.५३ डॉलर होता. फरक तासाला ९६ सेंटचा. किमान वेतनावर पूर्णवेळ चार माणसं असतील तर वर्षाला जवळपास आठ हजार डॉलर! अशा सवलती विधेयक समितीपुढे असतानाच कोणीतरी मागाव्या लागतात.

ते काम राज्यात न्यू जर्सी बिझनेस अँड इंडस्ट्री असोसिएशन, म्हणजे एनजेबीआयए, १९१०पासून करत आली आहे. विधिमंडळात १२० सदस्य, प्रत्येक मतदारसंघातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, त्यामुळे आपल्या भागातल्या तिघांपर्यंत संघटनेमार्फत पोचणं अवघड नाही. उणी बाजूही आहे. २०२४मध्ये या संघटनेने सार्वजनिक वाहतुकीसाठी बसवलेल्या कॉर्पोरेट ट्रान्झिट फीला कडाडून विरोध केला, आणि ती फी वर्षाला एक कोटी डॉलरवर नफा असलेल्या कंपन्यांनाच लागू होते. छोट्या सभासदाची वर्गणी त्या लढाईतही गेली, हे धरून चालायचं.

एनएफआयबीचा पाया वेगळा आहे. १९४३ साली सुरू झालेली ही संघटना छोट्या, स्वतंत्र धंद्यांचीच. मुद्दा सभासदांकडे मतदानाला जातो आणि दुकान केवढंही असलं तरी मत एकच. वॉशिंग्टनबरोबर राज्यांच्या राजधान्यांतही तिची माणसं असतात. एलएलसी किंवा एस-कॉर्प (जिचा नफा सहसा थेट मालकाच्या करात धरला जातो अशी कंपनी) यांच्या पात्र उत्पन्नावरची २० टक्के वजावट २०२५अखेर संपणार होती; ती कायम व्हावी म्हणून एनएफआयबीने जोर लावला आणि जुलै २०२५च्या कायद्यात ती कायम झाली. पण ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली, २०१२मध्ये मुख्य मुद्द्यावर हरलेली, तीही हीच संघटना. तुमच्या घरचा आरोग्यविमा त्याच कायद्याच्या मार्केटप्लेसवरून घेतलेला असेल तर हे विसरू नका. तिचा राजकीय कल रिपब्लिकन बाजूचा आहे, आणि तो लपून राहिलेला नाही.

सभासदत्वाला कोर्टात काय किंमत येते, हे कॉर्पोरेट ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्टच्या वेळी दिसलं. १ जानेवारी २०२४पासून लाखो छोट्या कंपन्यांना आपले खरे मालक कोण ते केंद्राला कळवायचं होतं, मुद्दाम चुकवलं तर दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड. नॅशनल स्मॉल बिझनेस असोसिएशन ही आणखी एक जुनी संघटना अलाबामात कोर्टात गेली आणि १ मार्च २०२४ला जिंकली. पण निकालाचा दिलासा फक्त वादींना होता. त्या दिवशी जे संघटनेचे सभासद होते त्यांच्यावर सक्ती थांबली. त्यानंतर सभासद झालेल्यांना उपयोग झाला नाही. डिसेंबरमध्ये टेक्सासच्या खटल्यात, ज्यात एनएफआयबी वादी होती, देशभरासाठी स्थगिती मिळाली, ती पुढे वरखाली होत राहिली, आणि मार्च २०२५मध्ये सरकारनेच देशी कंपन्यांना वगळलं. जून २०२५मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खालच्या केंद्रीय कोर्टांनी सहसा अशी देशभराची मनाई देऊ नये. म्हणजे यापुढे सभासदांच्या यादीत नाव असणं-नसणं जास्त महत्त्वाचं ठरू शकतं. संघटना कोर्टात जाते का, हा प्रश्न म्हणून मी बराच वर ठेवतो.

यूएस चेंबर ऑफ कॉमर्स १९१२ची, कार्यालय व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकाला लागून, लॉबिंगच्या, म्हणजे कायदे करणाऱ्यांकडे आपली बाजू लावून धरण्याच्या, खर्चात वर्षानुवर्षं अगदी आघाडीवर. (गावातलं चेंबर म्हणजे तिची शाखा नव्हे, ती स्वतंत्र संस्था असते.) परदेशी कुशल कामगारांच्या एच-वन-बी व्हिसासाठीचे वेतनाचे जाचक नियम २०२०मध्ये तिच्याच खटल्यात रद्द झाले, आणि त्याच व्हिसावरच्या एक लाख डॉलरच्या फीविरुद्ध ऑक्टोबर २०२५मध्ये तीच कोर्टात गेली. परदेशातून माणसं आणणाऱ्या कन्सल्टन्सीला एवढ्या ताकदीचा दुसरा वकील सहजी मिळणार नाही. पण कार्ड स्वाइपच्या शुल्काने बेजार झालेल्या दुकानदाराने थांबून विचार करावा: ते शुल्क कमी व्हावं म्हणून आलेल्या क्रेडिट कार्ड कॉम्पिटिशन अ‍ॅक्ट या विधेयकाला चेंबरचा विरोध आहे. बँका आणि कार्ड कंपन्यांचे हितसंबंध त्याच छपराखाली आहेत.

फ्रँचायझी हॉटेल असेल तर वरच्या तिन्हींच्या आधी एशियन अमेरिकन हॉटेल ओनर्स असोसिएशन बघा. न्यू जर्सीच्या फ्रँचायझी कायद्यात फ्रँचायझी घेणाऱ्या मालकांना संरक्षण देणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने ती उभी राहिली, तर अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग असोसिएशन विरोधात.

चेक देण्याआधी दोन कागद तपासा. एक, वर्गणीचं बिल. लॉबिंगवर खर्च होणारा हिस्सा करातून वजा करता येत नाही, म्हणून किती टक्के वजावट मिळणार नाही ते संघटना सहसा बिलावरच छापते. तो आकडा म्हणजे तुमच्या पैशातला लॉबिंगचा वाटा. दुसरा, केंद्राकडे दर तिमाहीला जाणारा लॉबिंगचा अहवाल, जो कोणालाही ऑनलाइन बघता येतो. त्यात कोणत्या विधेयकांवर काम केलं ते असतं. बाजू कोणती घेतली हे लिहिण्याची सक्ती नसते. ती संघटनेच्या माणसाला थेट विचारा, विधेयकाचं नाव घेऊन, आणि उत्तर ईमेलवर मागा.