तालुक्याचा स्केटिंग क्लास : पोरी पाठवत असाल तर वाचा

पाचपैकी साडेतीन स्टार. क्लास चांगला आहे हो, महिन्याची फी 600 रुपये, सुरवातीला स्केट क्लासचेच वापरू देतात, आणि पोट्टं पडलं तर सर आधी गुडघा पाहतात मग शिट्टी वाजवतात. जागा म्हणजे मंगल कार्यालयाच्या मागचा कोबा. लगनसराईत तिथं मांडव पडला की क्लास बंद अन् फी मात्र पूर्ण, हे ॲडमिशनच्या वेळी कोणी सांगत नाही म्हणून मी सांगून ठेवतो.

खरी मजा रविवारच्या स्केटवरच्या हॉकीची. प्लास्टिकच्या स्टिका, अन् पक म्हणून सरांनी पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरची चकती कापून आणली होती, पण कोब्याच्या सांध्यावर लागली की उडायची अन् थेट आचाऱ्याच्या भट्टीकडे, म्हणून आता टेनिस बॉल. बर्फावरचा खरा पक तीन इंच रुंद, एक इंच जाड रबराचा असतो, अन् मॅचच्या आधी फ्रीजरमधे गार करतात म्हणजे उसळत नाही, हे मला इथंच कळलं.

खेळ संपला की सर पोट्ट्यांना बसवून कॅनडाच्या आइस हॉकीवाल्या हेली विकेनहायझरची गोष्ट सांगतात. सांगतात चांगलं, पण मेडलवरच अडकतात. 1998 ला जपानच्या नागानोत बायकांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आली, तिथं अमेरिकेकडून हरून सिल्व्हर, मग 2002, 2006, 2010, 2014 चार गोल्ड, टाळ्या, झालं, घरी जा. अरे बापा, बाकीचं काहून सोडता? कॅनडाच्या सस्केचवान प्रांतातल्या लहानशा गावची पोरगी, बापानं घराच्या मागच्या अंगणात पाणी सोडून बर्फ जमवला त्यावर शिकली, पोरांच्या टीममधे खेळत मोठी झाली, पंधराव्या वर्षी देशाकडून. मधातच 2000 ला सिडनीला सॉफ्टबॉल खेळून आली, म्हणजे उन्हाळ्याचं ऑलिंपिकही सोडलं नाही. 2003 मधे फिनलंडला पुरुषांच्या टीमकडून खेळली, पुरुषांच्या प्रोफेशनल लीगमधे गोल करणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. 2017 ला रिटायर झाली अन् 2021 ला डॉक्टर! वरून 2022 ला टोरांटो मेपल लीफ्स या पुरुषांच्या आइस हॉकी टीममधे असिस्टंट जनरल मॅनेजर झाली. आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की पहिले पोरीचा खेळ बंद करतात, त्या मायबापाले हे ऐकवा ना सर. 2018 मधे बाई लडाखला येऊन तिथल्या पोरींना शिकवूनही गेली. अन् 2025 ला आपल्या पोरींनी यूएईतल्या अल ऐनला आइस हॉकीच्या आशिया कपमधे ब्राँझ आणलं, टीममधे बहुतेक लडाखच्याच.

आता दीड स्टार काहून कापला ते. एवढी गोष्ट सांगणारे सर मॅच लागली की पोरींना गोलात उभं करतात. दर रविवारी. पोट्टे पुढं पळतात अन् पोरी दोन विटांच्या मधात उभ्या. मी म्हटलं, सर, तुमची हेली काय गोलकीपर होती? ते म्हणे, “भाऊ, पोट्टे लय जोरात येतात, पोरीले लागलं तर तुम्हीच भांडायले याल.” अहो पण बॉल सगळ्यात जास्त लागतो कोणाले, गोलात उभ्या असलेल्यालेच ना! सर हसले. त्या दिवशी दोघी पुढं खेळल्या, माह्या पोरीनं एक गोल पण मारला, पुढच्या रविवारी परत विटांच्या मधात.

तर पोरीले घाला, नक्की घाला, पण रविवारी अधूनमधून स्वतः जाऊन कोब्याच्या कडेला उभे राहत जा, तुम्ही दिसले की सर बरोबर पुढं खेळवतात. हेल्मेट घरूनच द्या, तिथल्याचे पट्टे तुटलेले आहेत. अन् स्केट विकत घ्यायचे झाले तर क्लासातून घेऊ नका, “वाढत्या पायाचं आहे” म्हणून एक नंबर मोठा देतात, अन् त्यातच टाच सोलते. पायात घालून, उभं करून पाहून मगच पैसे द्या.