बॉलस्क्रू सांगून लीड स्क्रूचं सीएनसी गळ्यात मारलं, छोटं मशीन घेणाऱ्यांनी वाचाच

घरी नेमप्लेट, देवघराची जाळी, लाकडावरचं कोरीवकाम करायला छोटं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं मशीन) घ्यायचा विचार करत असाल तर हे वाचा, लांबलंय थोडं पण पूर्ण वाचा. माझे ५८ हजार गेलेत आणि ज्या पद्धतीने गेले ती पद्धत सगळ्यांना कळायला पाहिजे. पैसे घेऊन पळून गेला असा प्रकार नाहीये हा. माल येतो, मशीन चालतंसुद्धा, विकणारा फोन उचलतो, गोड बोलतो, आणि प्रत्येक दोष तुमच्या सेटिंगवर ढकलत ढकलत मुदत संपवतो. हॉबी सीएनसीला सेटिंग करावं लागतंच, कुठलंही घ्या, त्यामुळे आपल्यालाही ते पटतं, आणि तिथेच हे लोक लपतात.

मशीन ४०० बाय ४०० मिमीचं, जाहिरातीत लिहिलेलं एकदम नवीन, तिन्ही अक्षांना बॉलस्क्रू (टूल सरकवणारा, नटात गोळ्या असलेला अचूक स्क्रू; साध्या लीड स्क्रूत गोळ्या नसतात), नेमा २३ साइझची मोटर, ५०० वॉटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), एक वर्ष वॉरंटी. व्हिडिओत शिसमावर गणपती कोरताना दाखवलेला, इतका सुंदर की बघत राहावं. विकणारा पुण्याकडचा. निम्मे पैसे आधी, निम्मे माल निघायच्या आधी. बिलाचं विचारलं तर म्हणाला सर १८ टक्के जीएसटी वर लागेल, हॉबीसाठी घेताय तर कशाला, मी क्वोटेशनवर सही-शिक्का करून देतो. आणि "टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस, त्यानंतर फक्त पार्ट" ही ओळ त्या क्वोटेशनच्या अगदी खाली, बारीक अक्षरात.

ट्रान्सपोर्टने कोल्हापूरला मशीन आलं, जोडलं, आणि पहिलाच त्रास म्हणजे स्पिंडल चालू केला की युएसबी तुटायचं, जॉब अर्ध्यात बंद. फोन केला तर माणसाने लगेच सांगितलं की सर स्पिंडलची वायर आणि युएसबी केबल लांब लांब ठेवा, केबल छोटी घ्या, फेराइट (नॉइज अडवणारा केबलवरचा मणी) लावा, अर्थिंग चेक करा. केलं तसं आणि खरंच थांबलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तो सल्ला शंभर टक्के बरोबर होता, ब्रशवाल्या मोटरचा नॉइज हा छोट्या मशीनला नेहमीचा त्रास आहे. पण त्याने झालं काय, की माझा विश्वास बसला. पुढे तो जे सांगेल ते मी करत गेलो आणि दिवस जात राहिले.

दुसरा त्रास मात्र वेगळा होता. गोल कापला की गोल येईना. चार ठिकाणी, वर-खाली आणि डाव्या-उजव्या टोकाला, कड जरा सपाट. अक्षरांची आउटलाइन जिथून सुरू होते तिथे परत येऊन जुळायची नाही, ‘श्री’च्या वेलांटीला पायरी दिसायची. त्याचं म्हणणं, "सर, सेटिंगचा इश्यू आहे, मशीन एकदम ओके आहे, स्टेप्स कॅलिब्रेट करा." १०० मिमीची रेघ ९९.६ येत होती, त्याने $१०० (एका मिलिमीटरला मोटरच्या किती स्टेप्स ते सेटिंग) ची व्हॅल्यू ४०० वरून ४०१.६ करायला लावली आणि १०० बरोबर आले. म्हणाला बघा झालं ना. पण त्याच मशीनवर १० मिमीचा चौकोन कापला तर तो ९.६ च, आणि २०० मिमीची रेघ आता २००.४.

इथे नीट लक्ष द्या, सगळी गोम इथेच आहे. स्टेप्सची व्हॅल्यू चुकलेली असेल तर चूक अंतराबरोबर वाढते, म्हणजे १०० ला ०.४ कमी पडत असेल तर १० ला फक्त ०.०४ कमी पडायला हवं. चूक १० लाही ०.४ आणि १०० लाही ०.४ असेल तर ते सेटिंग नाही, तो प्ले आहे, बॅकलॅश. मोटर उलटी फिरते पण नट-स्क्रूमधली ढिलाई भरून निघेपर्यंत टूल जागेवरच उभं. गोलाला चार सपाट जागा येतात त्या यामुळेच, कारण तिथेच एकेक अक्ष दिशा बदलतो. जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, बॅकलॅश भरून काढायची सोयच नाही त्यामुळे $ चे आकडे कितीही बदला, हे जाणार नाही. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मी मानूच शकत नाही, तो ही मशीनच विकतो.

आमच्या मामांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, लेथवर आयुष्य गेलंय त्यांचं. मशीन तिकडे नेलं. मामांनी मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावला, टोक गॅन्ट्रीला (स्पिंडल धरणाऱ्या आडव्या पुलाला) टेकवलं आणि मला म्हणाले एका बाजूला थोडा थोडा सरकव. ०.१ ने सरकवत गेलो, काटा प्रत्येक वेळी बरोबर दहा घरं. मग म्हणाले आता उलटा. उलटा दाबला, मोटर वाजली, काटा हललाच नाही. परत दाबला, नाही. ०.४ च्या आसपास गेल्यावर काटा हलला. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी स्क्रूवरची काळी घड्यांची बेलो (धूळ अडवणारं कव्हर) काढायला लावली. आत बघितलं आणि म्हणाले, "ह्याला कोण बॉलस्क्रू म्हणतंय? साधा लीड स्क्रू हाय ह्यो, आणि नटबी गेलाय." बॉलस्क्रूची खाच गोलसर असते, आत गोळ्या फिरायच्या असतात म्हणून, आणि नट स्टीलचा जाड असतो. इथे चपट्या माथ्याचे आटे आणि पितळी नट, नटाच्या खाली पितळेची पिवळी भुकटी साठलेली. एकदम नवीन मशीनमध्ये एवढी भुकटी येते कुठून? पुढे बघितलं तर गॅन्ट्रीच्या आतल्या बाजूला नव्या रंगाखाली जुना रंग, दोन मोटरी एका मेकच्या आणि तिसरी वेगळी, आणि स्पिंडलच्या कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) सरळ पिन धरून गेज लावला तर फिरवल्यावर ०.२ ची मार, म्हणजे पिन डगमगत फिरत होती. १ मिमीचे बिट माझे सारखे तुटत होते ते यामुळे, आणि त्यावर तो सांगायचा की सर तुमचा फीड (टूल सरकायचा वेग) जास्त आहे.

पुरावा तर पहिल्या दिवसापासून स्क्रीनवरच होता. सेंडरमध्ये (मशीनला कमांड पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) $$ टाइप केलं की सगळ्या व्हॅल्यू दिसतात, त्यात $१००, $१०१, $१०२ म्हणजे एक्स, वाय, झेडला एका मिलिमीटरला किती स्टेप्स ते. स्टेपर मोटरला एका फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) १६ मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे १६ तुकडे, लावले की ३२००. माझ्या तिन्ही व्हॅल्यू ४०० होत्या. ३२०० भागिले ४०० म्हणजे ८, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी पुढे जाणारा स्क्रू, जो स्वस्तातला टी८ लीड स्क्रू असतो. १२०४ नावाचा बॉलस्क्रू असता तर ४ मिमीला ८०० आलं असतं, १६०५ असता तर ५ मिमीला ६४०. फक्त ड्रायव्हरचे छोटे स्विच कसे लावलेत ते बघा, वर तक्ता छापलेला असतो, कारण ८ मायक्रोस्टेप असतील तर १२०४ लासुद्धा ४०० येतं. माझ्या ड्रायव्हरवर ३२०० लावलेलं होतं, म्हणजे शंकेला जागाच नाही.

मधल्या काळात त्याने सेटिंग करून देतो म्हणून रिमोटचं ॲप टाकायला सांगितलं. तसं कोणाला कॉम्प्युटरमध्ये घेतलं तर आधी $$ ची यादी कॉपी करून ठेवा, बँकेचं काहीही उघडं ठेवू नका आणि खुर्ची सोडू नका. मशीनबरोबर एक पेनड्राइव्हही आला होता, त्यात आर्टकॅम या कोरीवकामाच्या डिझाइन सॉफ्टवेअरचं "फुल व्हर्जन", टाकताना अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना. ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्येच विकायचं बंद केलं, त्यामुळे मशीनबरोबर फुकट मिळणारं फुल व्हर्जन म्हणजे चोरीचंच. जीआरबीएल मशीनला कँडल किंवा युजीएस हे सेंडर फुकट आणि रीतसर मिळतं, पेनड्राइव्हची गरजच नाही.

मामांकडचे फोटो आणि डायल गेजचा व्हिडिओ पाठवला तर आधी म्हणाला सर हा बॉलस्क्रूच आहे, नवीन टाइपचा. मग म्हणाला ट्रान्सपोर्टमध्ये डॅमेज झालं असेल. मग म्हणाला तुम्ही बेलो उघडलीत, वॉरंटी संपली, आणि तसंही टेस्टिंगचे ७ दिवस होऊन गेलेत. ते ७ दिवस कशात गेले तर त्यानेच सांगितलेल्या कॅलिब्रेशनमध्ये! शेवटी मशीन स्वखर्चाने पाठवा, सर्व्हिस चार्ज आधी भरा, म्हणजे बघतो. मी रिफंड म्हटलं आणि त्याने ब्लॉक केलं.

क्वोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर भलत्याच धंद्याच्या नावावर, तोही रद्द झालेला. नंबर २४ ने सुरू होतो, २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, आणि पत्ता छापलाय पुण्याकडचा. जीएसटीच्या साइटवर हे लॉगिन न करता एका मिनिटात दिसतं. पैसेही फर्मच्या नाही, एका माणसाच्या खात्यात घेतलेले.

आता मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस केली आहे. बऱ्याच जणांना वाटतं विकणाऱ्याच्या गावात जावं लागेल, तसं नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. ब्लॉक करायच्या आधी त्याने धमकी दिली होती की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्टात चालणार नाही. खोटं आहे ते. हौसेसाठी घेतलं तर प्रश्नच नाही, आणि स्वतः चालवून पोट भरायला घेतलं असेल तरी कायदा ग्राहकच मानतो. माल आलाच नाही, पैसे घेऊन गायब झाला, असं असेल तर मात्र थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मशीनचा नट मी अजून बदललेला नाही, मामा म्हणतात नवा टाकला तर काम बरंच सुधारेल, पण पुरावा म्हणून तसंच ठेवलंय. पैसे अजून आलेले नाहीत.

घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याच मशीनची बेलो काढून स्क्रू दाखव म्हणा, $$ ची यादी आणि ड्रायव्हरचे स्विच दाखव म्हणा, आणि समोर ५० मिमीचा गोल कापून चारही बाजूंनी कॅलिपर लावायला सांगा. खरा विकणारा हे करतो, मी नंतर दुसऱ्या एकाला विचारून बघितलं, त्याने कुरकुर न करता दाखवलं. मशीन घरी येईल तेव्हा पेटी उघडण्यापासून सलग शूटिंग करा, आणि पहिल्याच दिवशी १० आणि १०० मिमी दोन्ही कापून मोजा, चूक दोन्हीकडे सारखीच आली तर कॅलिब्रेशनच्या नादी न लागता त्याच दिवशी लेखी कळवा की मशीन परत घ्या.

तोच शिसमाच्या गणपतीचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसला, किंमत ५ हजारांनी कमी केलीय. नीट बघितलं तर त्यातलं मशीन विकतात त्यापेक्षा बरंच मोठं आहे आणि स्पिंडलला पाण्याच्या नळ्या आहेत, यांच्या मशीनला त्या नाहीत. खाली पाच-सहा जणांनी किंमत विचारलेली, त्या सगळ्यांना मी मेसेज केलाय. तुमच्या ओळखीत कोणी तिथे ॲडव्हान्स भरलेला असेल तर त्याला आजच सांगा, उरलेले निम्मे पैसे स्क्रू बघितल्याशिवाय देऊ नको.