झोन दाखला आणि भाग नकाशा : नगरपरिषदेच्या सेवेबद्दल एका गिरणीवाल्याचा अभिप्राय

तालुक्याच्या गावात, जुन्या गावठाणातल्या अरुंद रस्त्यावर, वडिलांनी सुरू केलेली पिठाची गिरणी मी चालवतो. मिरची कांडपाचे नवे यंत्र आणि त्यासाठी मोठी मोटार घ्यावी म्हणून यंदा कर्जाचा अर्ज केला, तेव्हा बँकेने जागेचा झोन दाखला (जागा विकास योजनेत, म्हणजे शहराच्या मंजूर नियोजन आराखड्यात, कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा (त्या योजनेच्या नकाशाचा आपल्या जागेपुरता भाग) मागितला. आमच्या नगरपरिषदेच्या नगररचना विभागाने ही दोन्ही कागदपत्रे मला कशी दिली, त्यांतून काय कळले आणि काय कळले नाही, हे छोट्या दुकानदारांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

सेवेचा पहिला भाग खरोखर चांगला आहे. सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणी नकाशाची प्रत जोडून अर्ज केला, शुल्काची पावती लगेच मिळाली आणि दोन्ही कागद सांगितलेल्या दिवशी हातात आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवांना कालमर्यादा असते आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, त्याचा हा परिणाम असावा. कुणाची ओळख काढावी लागली नाही. रचना सहायकांची वागणूकही आदराची होती. मला नकाशा वाचता येत नाही हे ओळखून त्यांनी टेबलावर भाग नकाशा पसरला, त्यावर मोजपट्टी ठेवली आणि आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गेलेली तांबडी रेघ बोटाने दाखवली. ती रेघ आमच्या गिरणीच्या ओट्यावरून जात होती. रविवारी सकाळी ज्वारी-गव्हाचे डबे रांगेने मांडले जातात तो ओटा आणि त्यामागची, गिरणीच्या दगडाला टाकी लावण्यासाठी, म्हणजे टाके पाडून तो खरबरीत करण्यासाठी, आम्ही मोकळी ठेवलेली जागा, एवढा भाग विकास योजनेत रस्त्याचा आहे. दाखल्यावरचे वाक्य एकच होते : सदर मिळकत रहिवास विभागात समाविष्ट असून रस्तारुंदीने अंशतः बाधित आहे.

माझी तक्रार याच वाक्याबद्दल आहे. जागा नकाशावर कोणत्या रंगात येते हे दाखला अचूक सांगतो; मात्र या जागेत मला काय करता येईल, हा दुकानदाराचा प्रश्न तसाच राहतो. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात रहिवास विभागाचेही पोटभाग आहेत. गावठाणात रस्ता 9 मीटरपेक्षा कमी रुंद असेल तर एक भाग लागू होतो, तेवढा किंवा अधिक रुंद असेल तर दुसरा, आणि कोणते व्यवसाय चालतील हे त्यावरून ठरते. छोट्या सेवा उद्योगांना किती अश्वशक्तीची मोटार, किती कामगार आणि किती क्षेत्र चालेल, याचा तक्ताही त्यात आहे. म्हणजे मला हवे ते उत्तर नियमावलीत लिहिलेले आहे, परंतु दाखल्यावर त्याचा उल्लेखही नाही. माझ्या मोटारीबद्दल विचारले तेव्हा, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा, एवढेच सांगण्यात आले. दाखल्यामागे त्या विभागात चालणाऱ्या व्यवसायांची यादी छापली, तर कितीतरी लोकांचे कर्ज काढून केलेले चुकीचे खर्च वाचतील.

दुसरी उणीव वेळेची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते आणि ठरावीक मुदतीत हरकती-सूचना देता येतात. आमच्या योजनेची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात आली होती, हे मला आता कळले. सकाळी सहाला गिरणी उघडणारा माणूस राजपत्र वाचत नाही. ज्यांच्या दुकानावरून रेघ जाते त्यांच्या घरपट्टीच्या बिलासोबत एक चिठ्ठी दिली असती, तर आमच्या गल्लीतल्या एकाने तरी हरकत नोंदवली असती.

माझी जागा मालकीची असल्यामुळे मला निदान पर्याय आहेत. याच अधिनियमाच्या कलम 126 नुसार मोबदला किंवा त्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) अथवा चटई क्षेत्र (उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा) मिळू शकते. परंतु चटई क्षेत्र वापरायचे तर वर मजला चढवावा लागतो आणि गिरणी तळमजल्यावरच चालते. डोक्यावर डबा घेऊन जिना चढायला कोणी येणार नाही. शेजारचे शिंपीकाका तर भाडेकरू आहेत. चटई क्षेत्राचा व्यवहार प्रामुख्याने घरमालकाशी होईल आणि काकांच्या वाट्याला फक्त अरुंद झालेले दुकान येईल. भाडेकरू व्यावसायिकाने कुठे दाद मागावी, याची माहिती देणारा साधा फलकही त्या कार्यालयात नाही. मला हे सर्वांत जास्त खटकले.

वक्तशीरपणासाठी आणि वागणुकीसाठी पाचपैकी चार गुण देतो, माहितीच्या उपयुक्ततेसाठी दोनच. जाणाऱ्यांनी दाखल्यावर न थांबता भाग नकाशा सोबतच मागावा, तो तिथेच समजून घ्यावा आणि योजना अंतिम मंजूर झाल्याची तारीख लिहून घ्यावी. कारण 10 वर्षांत संपादन झाले नाही तर कलम 127 ची, म्हणजे जागा घ्या नाहीतर मोकळी करा अशी, नोटीस देता येते आणि तिचा हिशेब त्या तारखेपासून लागतो. आमच्या योजनेची ती मुदत अजून बरीच दूर आहे. मोटारीची खरेदी मी थांबवली आहे, आणि ओट्याचा नेमका किती भाग जातो हे कळावे म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी पैसे भरले आहेत.