तार, कोंदण की भोक? गुळगुळीत खड्याचं पेंडंट करायचं ठरवताना

परवा धाकटी मावसबहीण घरी आली आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून तिनं माझ्यासमोर सोडली. आत पाच दगड. खंबायतहून आणलेला थेंबाच्या आकाराचा लाल अकीक आणि शेवाळासारख्या हिरव्या रेघांचा मॉस अगेटचा गोटा. जयपूरहून मागवलेला, मागे सपाट आणि पुढे घुमटासारखा फुगीर असा जांभळा अमेथिस्ट. पोपटी-जांभळ्या पट्ट्यांचा एक फ्लोराइट. आणि अजिंठ्याला फेरीवाल्याकडून घेतलेला, पांढऱ्या चमकत्या स्फटिकांचा एक खडा.

"ताई, पाचही तारेत गुंडाळायला शिकव. की सरळ सोनाराकडे देऊ?"

गेली काही वर्षं मी हेच काम करते, तरी पाचही दगडांना एकच उत्तर मला देता आलं नाही. कुठली तार, कुठलं डिझाइन हे लोक आधी ठरवतात आणि दगड त्यात बसवायला जातात. माझ्या मते आधी दगड हातात घ्यावा, त्याची पाठ, कडा आणि कणखरपणा पाहावा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

दगड साखळीत अडकवायचे तीन मार्ग आहेत: तारेत गुंडाळणं, सोनाराकडून चांदीचं कोंदण करून घेणं आणि भोक पाडून कडी घालणं. मागे गोंदानं कडी चिकटवायचा चौथाही एक प्रकार बाजारात दिसतो. घाम आणि धक्के यांनी तो जोड कधी ना कधी सुटतो, त्यामुळे मी तो कुणालाच सुचवत नाही.

भोकापासून सुरुवात करते, कारण आपल्या मातीतला हा फार जुना मार्ग. तेर आणि भोकरदनच्या उत्खननांत सातवाहनकाळातले अकीकाचे मणी निघाले, ते असेच आरपार विंधलेले. भोकाचा फायदा उघड आहे. दगड जवळजवळ पूर्ण दिसतो, धातू नावापुरता लागतो आणि कपड्यात काही अडकत नाही. पण भोक एकदा पडलं की पडलं. अकीक, अमेथिस्ट ही सगळी क्वार्ट्झची मंडळी. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मांडणाऱ्या मोहस मापावर ती ७ च्या आसपास. त्यांना हिऱ्याची कणी लावलेली सुई लागते आणि कामही पाण्याखाली, सावकाश करावं लागतं. घरातलं ड्रिल घेऊन कोरडं भोक पाडायला कृपा करून बसू नका. त्यातून उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. खंबायतमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांनी सिलिकोसिस पिढ्यानपिढ्या भोगला आहे. आपल्या हातात तो गुळगुळीत खडा येतो तेव्हा त्यामागे कुणाचा तरी श्वास खर्ची पडलेला असू शकतो. म्हणून घेताना ओल्या पद्धतीनं घासलेला माल मिळतो का ते मी विचारते. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कठीण दगडाचं हे झालं. फ्लोराइटची गोष्ट वेगळी. त्याची कठीणता फक्त ४, आणि त्यात चार दिशांनी सरळ फुटण्याच्या रेषा असतात. पूर्वी एकदा मी एका दुकानात फ्लोराइटला भोक पाडायला दिलं होतं. संध्याकाळी कागदाच्या पुडीत दोन तुकडे परत मिळाले, आरशासारखे गुळगुळीत फुटलेले. त्या कारागिराचा हात वाईट होता असं मला वाटत नाही. तो दगडच तसा.

आता कोंदण. रोज, बाराही महिने गळ्यात घालायचं पेंडंट हवं असेल आणि खडा अमेथिस्टसारखा सपाट पाठीचा असेल, तर मी स्वतः तारकाम करत असूनही सोनाराकडेच जा असं सांगेन. चांदीची पट्टी खड्याच्या कडेभोवती उभी करून ती वरून दाबत बसवतात. कडा पूर्ण झाकली जाते, ओढणीला काही अटकत नाही, घासलं तरी पट्टीला घासतं. मुख्य झाळकाम खडा बसवण्याआधी झालेलं असतं, त्यामुळे खड्याला आच लागत नाही. पुढे कडी तुटली तर मात्र दुरुस्तीआधी खडा काढायला सांगा. आचेनं अमेथिस्टचा रंग उतरू शकतो. कडक उन्हात कायम राहिला तरी तो फिकट होतो, म्हणून खिडकीत ठेवू नका.

सोनाराला एक गोष्ट आवर्जून सांगायची: पाठ उघडी ठेवा. मागे चांदीचा पत्रा लावला की पारदर्शक खड्यातला उजेड मरतो. राशीचा खडा असेल तर तो अंगाला लागावा अशी घरच्यांची इच्छा असते, तेही यात साधतं. आणि फ्लोराइट किंवा मॅलाकाइटसारखा मऊ खडा कोंदणात द्यायचा असेल तर तो मऊ आहे हे आधी सांगा. पट्टी दाबताना कड उडते.

मग तार कशासाठी? ज्या दगडाला सरळ पाठ नाही, ज्याची कडा कुठे सुरू होते ते कळत नाही, त्याच्यासाठी. नदीतल्या गोट्यासारख्या वेड्यावाकड्या दगडाला कोंदण बसवायचं तर सोनाराला वरखाली वळणारी पट्टी घडवावी लागते आणि मजुरी वाढते. तार मात्र दगड जाईल तशी जाते. शिवाय ती कापली की दगड होता तसा, एकही ओरखडा न पडता बाहेर येतो. आजीच्या पेटीत निघालेला खडा असेल आणि पुढे त्याचं काय करायचं ते ठरत नसेल, तर मी तारच सुचवते. ही कला परकी वाटत असेल तर घरातली नथ उलटी करून पाहा. मोती सोन्याच्या तारेत ओवलेले आणि बारीक तारेच्या वेढ्यांनी बांधलेले दिसतील.

तारेचा दोषही सांगायला हवा. ती सरकते. अगदी सुरुवातीला मी एक गोल गोटा नुसता दोन दिशांनी आडवा-उभा बांधला होता, पार्सलला सुतळी बांधतात तसा. वहिनीनं तो घातला, ठाणे स्टेशनच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि घरी आली तेव्हा गळ्यात रिकामा पिंजरा होता. तो दगड तिला फार आवडला होता. मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मी चौकट केल्याशिवाय दगड बांधलेला नाही. ०.८ मिलिमीटरच्या तीन तारा, प्रत्येकी २५ सेंटिमीटर, शेजारी शेजारी सपाट धरायच्या आणि कागदी टेपनं तात्पुरत्या जखडायच्या. ०.३ मिलिमीटरच्या बारीक तारेनं त्या तीन-चार ठिकाणी पाच-सहा वेढे देऊन बांधायच्या. ही पट्टी दगडाच्या कमरेभोवती वळवून वर माथ्यावर दोन्ही टोकं एकत्र बांधायची. मग खरं काम. पुढची तार चपट्या पकडीनं दोन-तीन जागी दगडाच्या अंगावर ओढून घ्यायची, मागचीही तशीच, म्हणजे दगड दोन्ही बाजूंनी नखांत धरल्यासारखा होतो. पकडीच्या तोंडाला कापडी टेप लावा, नाहीतर तारेवर दात उमटतात. शेवटी पेंडंट कानाशी नेऊन हलवा. बारीकसं 'टक' ऐकू आलं तर सैल आहे. पुन्हा ओढा.

सवय झालेल्या हाताला याला दोन-अडीच तास लागतात. नव्या माणसानं अख्खी दुपार मोकळी ठेवावी.

तार कशाची, हा प्रश्न यानंतर येतो. शिकायला तांबं, यात मला कधीच शंका वाटली नाही. तांबं मऊ असतं, चूक पोटात घालतं आणि तीनशे वेळा चुकलात तरी खिशाला जाणवत नाही. वरच्या मापानं एका पेंडंटला जेमतेम साडेतीन ग्रॅम तांबं लागतं, चांदी घेतली तर सुमारे चार ग्रॅम, वर कापून वाया जाणारे तुकडे. चांदीचा आजचा भाव मांडून पाहा म्हणजे पहिला प्रयत्न चांदीत का करू नये ते कळेल. पितळ रंगानं सोन्याजवळ जातं पण ताठ असतं, बोटं दुखतात. जर्मन सिल्व्हर नावाला भुलू नका. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलनं अनेकांच्या मानेवर पुरळ येतो. मुलामा दिलेली स्वस्त सोनेरी तार वाकवताना, पकडीत घासताना खरवडली जाते आणि आतलं तांबं डोकावतं. चांदीत ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी बहुधा तांबं. चौकटीसाठी हीच घ्या. शुद्ध ९९९ फार मऊ असते. बारीक वेढ्यांना ती छान, चौकटीला वापरली तर दगड धरून राहत नाही.

खरेदी करताना तार गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या नंबरात मागू नका, मिलिमीटरमध्ये मागा. हे मी प्रत्येकीला सांगते. इंटरनेटवरचे बहुतेक धडे अमेरिकन गेजमध्ये असतात. तिथली २० नंबरची तार ०.८ मिलिमीटरची. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ब्रिटिश गेज चालतं आणि त्यात २० नंबर म्हणजे ०.९ मिलिमीटर. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तीन तारा एकत्र वळवताना मनगटाला कळतो. सरावापुरती तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडेही मिळते. तिच्यावर वार्निशचा थर असतो, त्यामुळे ती आचेवर धरू नका.

तांबं घातल्यावर त्वचेवर हिरवट डाग पडू शकतो आणि वर्षभरात तार काळवंडते. घरोघरी यावर चिंच किंवा लिंबू हाच उपाय. अकीकाला त्यानं काही होत नाही. कॅल्साइट, मॅलाकाइट, मोती, पोवळं मात्र आंबटानं झिजतात, पॉलिश कायमचं जातं. असा खडा तारेत असेल तर नुसत्या कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि थोडा काळेपणा राहू द्या.

तर त्या पाच दगडांचं असं ठरलं. अमेथिस्ट सोनाराकडे, उघड्या पाठीच्या कोंदणात. लाल अकीक थेंबाच्या आकाराचा, वर निमुळता. तो भोक पाडून घ्यायला हरकत नव्हती, पण ती म्हणाली की हा मला चांदीच्या तारेत हवा, तू करून दे. करते आहे. फ्लोराइट तारेतच, आणि फक्त समारंभाला घालायचा. पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकला तर आठवड्यात ओरखडे. पाचवा, अजिंठ्याचा, मी हातात घेऊन उजेडात फिरवला. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढलेलं अपोफिलाइट होतं ते. कठीणता ४.५ ते ५, आणि एका दिशेनं पापुद्र्यासारखं सुटणारं. तारेचा नुसता ताण पडला तरी टोकं उडतील. ते तिच्या पुस्तकांच्या कपाटात काचेमागे गेलं आणि तिथे फारच देखणं दिसतंय.

मॉस अगेटचा गोटा आणि दहा मीटर तांब्याची तार ती स्वतः घेऊन गेली. काल रात्री फोन आला: चौथ्यांदा उलगडून बांधताना तार मोडली. तांबं वाकवावं तितकं ताठर होत जातं, मग कडकन तुटतं. चौकटीची तार साधी, बिनवार्निशची असेल तर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडव, पुन्हा मऊ होईल, असं सांगितलं. दगड आधी बाजूला काढून ठेव, हेही.