अडचणीतला डॉक्टर: उपचारांची वाट की शिस्तीची?

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) हत्यारं फेकणारा सर्जन आणि ड्यूटीवर दारूचा वास येणारा भूलतज्ज्ञ, दोघांच्याही तक्रारी वैद्यकीय अधीक्षकांच्याच टेबलावर येतात. दोन्हींत आधी एवढंच पाहा: आजच्या केसेस तो सुरक्षितपणे करू शकेल का? शंका असेल तर लगेच कामावरून उतरवा आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवा. वाट त्यानंतर निवडा.

व्यसन, नैराश्य किंवा विस्मरणाची शंका असेल तर आधी उपचार. अमेरिकेतल्या फिजिशियन हेल्थ प्रोग्रॅममध्ये, म्हणजे व्यसनी किंवा आजारी डॉक्टरांवर उपचार आणि देखरेख करणाऱ्या कार्यक्रमात, उपचारांनंतर साधारण 5 वर्षं अचानक लघवीची चाचणी घेतली जाते. तिथे 904 डॉक्टरांच्या पाहणीत 78 टक्क्यांची या काळात एकही चाचणी पॉझिटिव्ह आली नाही. आमच्या मते यामागे मुख्य कारण लांबलेली देखरेख आणि चाचणी चुकवली तर परवाना धोक्यात येण्याची जाणीव हे आहे. नुसतं भरती करून सोडलं तर हा परिणाम मिळत नाही. फेंटानिलची (भूल देताना वापरायच्या, व्यसन लावणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची) शंका असेल तर ते वेगळं तपासायला सांगा, अफूवर्गीय औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या ओपिएट स्ट्रिपमध्ये ते दिसत नाही. अँप्यूलचा हिशेबही लावा: 100 मायक्रोग्रॅममधले रुग्णाला 60 दिले, तर उरलेले 40 दोघांसमोर टाकून दोघांच्या सह्या हव्यात. नोंदीत भरपूर औषध आणि ऑपरेशननंतर रिकव्हरी रूममध्ये रुग्ण वेदनेने तळमळतोय, ही डॉक्टरने औषध स्वतःसाठी वळवल्याची मोठी खूण. अशा डॉक्टरशी बोलायला दोघांनी जा आणि त्याला एकट्याला घरी पाठवू नका. त्या रात्री आत्महत्येचा धोका खरा असतो.

आजार नसून अरेरावीची सवय असेल तर उपचारांच्या नावाखाली ती झाकू नका. इथे शिस्तीची वाट बरी, पण तिचा जीव कागदात असतो. ‘उद्धट आहेत’ ही तक्रार टिकत नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द, साक्षीदार आणि रुग्णावर झालेला परिणाम लिहिला तर टिकते. पहिल्या प्रसंगी सहकाऱ्याने खासगीत सांगावं, पुन्हा घडलं तर विभागप्रमुखाने लेखी, नंतर मुदत आणि परिणाम ठरवून. बहुतेकदा हे मोडतं ते जास्त केसेस आणणाऱ्या सर्जनपाशी. त्याला सूट मिळाली की नर्स फोन करायला कचरतात आणि रुग्ण बिघडतोय हे उशिरा कळतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीत निवड नाही, ती 2013च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच जाते. व्यावसायिक गैरवर्तनासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, पण निकाल येईपर्यंत रुग्णांची जबाबदारी तुमचीच.

दोन्ही वाटा एकाच व्यक्तीच्या हाती देऊ नका. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञालाच कामावर परतण्यासाठीचा फिटनेस दाखला द्यायला लावलं, तर डॉक्टर त्यांच्याशी मोकळा बोलणार नाही. आपल्या खासगी रुग्णालयांत बरेच कन्सल्टंट पगारी नसतात, म्हणून खातेनिहाय चौकशीचा धाक त्यांना लागू पडत नाही. तिथे हातात उरतात ते त्यांचे रुग्ण भरती करण्याचे आणि ओटी वापरण्याचे अधिकार. ते कधी आणि कोण थांबवू शकेल, हे करारात सही होण्याआधीच लिहून घ्या.